शील्डेड केबल असूनही मोटर चालू झाली की एरर येते? आधी कनेक्टर उघडा

लक्षणं आधी सांगतो. यातली दोन-तीन जरी तुमच्या मशीनशी जुळली तरी पुढचं वाचा.

- ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण) किंवा वेल्डिंग मशीन बंद असताना सगळं सुरळीत. ड्राइव्हला रन दिला की एन्कोडरची (मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या सेन्सरची) एरर, कम्युनिकेशन टाइमआउट, नाहीतर अ‍ॅनालॉग रीडिंग थरथरायला लागतं.
- पोझिशन हळूहळू सरकते. मशीन होमला नेलं की बरोबर, तासाभराने पुन्हा चार-पाच काउंटचा फरक.
- कनेक्टर हाताने दाबला किंवा केबल जराशी वाकवली की एरर जाते, सोडली की परत येते.
- नवा कनेक्टर बसवला की दोन-तीन महिने शांतता. मग तीच तक्रार, त्याच जागी.
- कोरड्या हवेत कुणी पॅनेलला हात लावला, बारीक ठिणगी उडाली आणि कंट्रोलर रीसेट झाला.
- आणि सगळ्यांना चकवणारं लक्षण: मल्टिमीटर लावला तर शील्डची कंटिन्यूइटी उत्तम, बीप खणखणीत.

पॅनेल वायरिंग आणि केबल हार्नेसच्या कामात हा एकच बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता तक्रार ऐकताच पहिला हात कनेक्टरच्या हूडकडे, म्हणजे मागच्या कवचाकडे, जातो. केबल महागाची असते, ड्राइव्ह चांगला असतो, अर्थिंग नीट असतं. घोडं पेंड खातं ते केबलच्या शेवटच्या दोन इंचांत, जिथे शील्डची जाळी, म्हणजे सिग्नलच्या वायरींभोवती विणलेलं धातूचं आवरण, संपते आणि कनेक्टरचं कवच सुरू होतं.

मोटर बंद असतानाही एरर तशीच येत असेल, तर मात्र हा लेख तुमच्यासाठी नाही. आधी टर्मिनेशन बघा. आरएस-४८५ किंवा कॅनच्या (दोन वायरींवरून डेटा नेणाऱ्या) लाइनवर सगळी वीज बंद करून दोन्ही सिग्नल वायरींमध्ये ओहम मोजा. दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून सुमारे ६० दिसायला हवेत. १२० दिसले तर एक टोक सुटलेलं आहे. ऑडिओत ५० हर्ट्झची एकसुरी गुणगुण येत असेल तर तो बहुधा ग्राउंड लूप (दोन ठिकाणच्या ग्राउंडमधून फिरणारा करंट) असतो. त्याबद्दल पुढे थोडं येईल.

मुळात होतं काय

शील्डवर नॉइजचा करंट वाहतो, आणि तो तिथून वाहावा म्हणूनच शील्ड असतं. हा करंट जाळीच्या बाहेरच्या अंगाने येतो, कनेक्टरच्या धातूच्या कवचावरून पॅनेलच्या पत्र्यात उतरतो आणि जिथून निघाला तिथे परत जातो. १० मेगाहर्ट्झला तांब्यात करंट पृष्ठभागाच्या जेमतेम २१ मायक्रॉन जाडीत वाहतो. त्यामुळे कवच सलग असेल तोवर बाहेरचा करंट बाहेरच राहतो, आतल्या सिग्नलला त्याचा पत्ता लागत नाही. कवचाला कुठे खंड पडला की तिथे व्होल्टेज उभं राहतं आणि ते आत शिरतं. बाहेर इतका करंट वाहिला तर आत किती व्होल्टेज उमटतं, या गुणोत्तराला ट्रान्सफर इम्पिडन्स म्हणतात. शेलकुनॉफ यांनी १९३४ साली कोअ‍ॅक्शियल केबलचा अभ्यास करताना ही कल्पना मांडली, आणि आजही शील्डेड केबल आणि कनेक्टर याच मापाने तोलले जातात.

आता नेहमीचा गुन्हेगार बघा. कनेक्टर लावणारा माणूस जाळी उसवतो, पिळून तिची शेपटी करतो आणि ती शेपटी एखाद्या पिनला किंवा स्क्रूखाली अडकवतो. ढोबळ हिशेब असा की दर मिलिमीटर वायरला साधारण १ नॅनोहेन्री इंडक्टन्स. म्हणजे ५० मिलिमीटरच्या शेपटीला ५० नॅनोहेन्री. मल्टिमीटर मोजतो डीसीवर, तिथे ही शेपटी काही मिलिओहमची, म्हणून बीप वाजतो. पण ३ मेगाहर्ट्झला तीच शेपटी जवळजवळ १ ओहम होते, १० मेगाहर्ट्झला ३ ओहम, १०० मेगाहर्ट्झला ३१. ड्राइव्हमधला आयजीबीटी (वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) ०.१ मायक्रोसेकंदात चालू-बंद होत असेल, तर त्याच्या आउटपुटमध्ये ३ मेगाहर्ट्झपर्यंत भरपूर ऊर्जा असते. शील्डवर त्या वारंवारतेचा १ अँपिअर वाहिला की शेपटीच्या दोन टोकांत १ व्होल्ट उभा! आरएस-४८५ चा रिसीव्हर २०० मिलिव्होल्टच्या फरकावर शून्य की एक ते ठरवतो. हा १ व्होल्ट दोन्ही वायरींवर सारखा पडला तर रिसीव्हर तो सोसतो, पण लाइन कधीच पूर्ण समतोल नसते, आणि सिंगल-एंडेड (एकच वायर आणि ग्राउंड असलेल्या) सिग्नलला तर तो थेट बसतो.

इथे एक गल्लत नेहमी होते. नॉइज आला की लोक नवा अर्थिंग पिट खणायला निघतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पिटापर्यंतची वायर कित्येक मीटर लांब असते, वरच्याच हिशेबाने तिचा इंडक्टन्स मांडा म्हणजे कळेल की मेगाहर्ट्झच्या नॉइजला ती वाट बंदच आहे. विमानाला उडताना कुठली जमीन असते? तरी तिथे शील्डिंग चालतं, कारण करंटला परत जायला धातूची सलग, छोटी वाट असते. अर्थिंग माणसाच्या सुरक्षेसाठी हवंच, ते कुणी काढू नका. पण हा बिघाड त्याने बरा होत नाही.

तपासणी, सोप्यापासून अवघडाकडे

सुरुवातीला वीज बंद करा, आयसोलेटरला कुलूप लावा. ड्राइव्हच्या डीसी बसमधले कपॅसिटर वीज गेल्यावरही भारलेले राहतात. ड्राइव्हवर जितकी मिनिटं लिहिली आहेत तितकी थांबा आणि नंतरही मीटरने व्होल्टेज उतरल्याची खात्री करा.

१. डोळा आणि हात. खर्च शून्य. कनेक्टरचे दोन्ही स्क्रू आवळलेले आहेत का? डी-सब (इंग्रजी D च्या आकाराचा) कनेक्टर नुसता खोचून ठेवण्याची सवय फार आहे. सिग्नल चालतो, म्हणून कुणी स्क्रू लावत नाही. डी-सबमध्ये पिनवाल्या बाजूच्या पत्र्यावर बारीक उठाव असतात, ते समोरच्या पत्र्याला टेकतात आणि शील्डचा रस्ता पूर्ण होतो. कनेक्टर तिरका बसला की काही उठाव हवेत राहतात. एम१२ या गोल, आट्यांच्या कनेक्टरमध्ये बहुतेकदा शील्डचा रस्ता फिरवायच्या नटातूनच जातो. कंपनाने नट पाव फेरा सैल झाला की पिना जोडलेल्या आणि शील्ड तुटलेलं, अशी अवस्था येते. केबलचं बाहेरचं आवरण ग्लँडमधून बाहेर सरकलेलं दिसतं का तेही बघा. दिसलं तर ओढ जाळीवर आलेली आहे हे नक्की.

२. केबलची वाट बदलून बघा. सिग्नलची केबल मोटरच्या केबलला चिकटून एकाच ट्रेमधून जात असेल तर तात्पुरती ती २०-३० सेंटिमीटर लांब धरा, आणि ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडा. कंट्रोलरमध्ये एररचा काउंटर असतो, तो आधी आणि नंतर लिहून ठेवा. 'बरं वाटतंय' यावर विसंबू नका. एरर कमी झाल्या पण थांबल्या नाहीत, तर नॉइजचा उगम कळला; तो आत शिरण्याचं भोक अजून शोधायचं आहे.

३. मल्टिमीटर, पण त्याची मर्यादा ओळखून. प्रोब एकमेकांना टेकवून आधी प्रोबचाच रेझिस्टन्स बघा. बहुतेक मीटरवर तो ०.२ ते ०.५ ओहम येतो. म्हणजे मिलिओहममधला दोष याला दिसणारच नाही. याने फक्त उघड तुटलेलं सापडतं, आणि तेही शोधण्यासारखं असतं. केबलचं एक टोक सोडवून मोजा. दोन्ही टोकं जोडलेली असताना मोजलं तर मशीनच्या सांगाड्यातून वळसा घालून कंटिन्यूइटी येते आणि तुटलेली जाळीसुद्धा जोडलेली वाटते. कनेक्टरचं कवच ते दुसऱ्या टोकाचं कवच, मग कवच ते पॅनेलचा पत्रा, असे दोन वेगळे आकडे घ्या. मोजताना केबल वाकवत राहा. आकडा उडाला की जागा सापडली.

याच वेळी आणखी एक बघून घ्या. शील्ड पिनमधून आत जाऊन सर्किट बोर्डच्या शून्य व्होल्टला तर जोडलेलं नाही ना? तसं असेल तर जाळीवरचा सगळा नॉइज आपणच हाताला धरून बोर्डवर आणून सोडतो. ऑडिओच्या क्षेत्रात नील मन्सी यांनी १९९५ च्या सुमारास याला 'पिन १ ची समस्या' असं नाव दिलं, कारण एक्सएलआर कनेक्टरची पहिली पिन शील्डची असते. शील्ड उपकरणाच्या दारातच, धातूच्या बॉडीला संपलं पाहिजे. बोर्डपर्यंत ते गेलंच नाही पाहिजे.

४. रंग, अ‍ॅनोडायझिंग, पावडर कोटिंग. सॉकेट पॅनेलवर बसवलेलं, चारही स्क्रू घट्ट, तरी खाली रंगाचा थर असेल तर संपर्क होतो तो फक्त स्क्रूच्या आट्यांतून. अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियम तर दिसायला धातू, पण वरचा थर ऑक्साइडचा, म्हणजे चक्क इन्सुलेटर. मीटरची टोकदार प्रोब तो थर ओरखडून आत घुसते आणि खोटा 'शून्य ओहम' दाखवते. म्हणून टोक टोचू नका, प्रोबची बाजू आडवी, हलक्या हाताने टेकवा. रीडिंग येत नसेल तर सॉकेटच्या कडेखालचा रंग पूर्ण वर्तुळात खरवडा, दातेरी वॉशर टाका आणि उघडा पडलेला धातू गंजणार नाही याची व्यवस्था करा. नव्या कामात निकेल प्लेटिंग किंवा विद्युतवाहक क्रोमेट केलेले भाग मागवा. कारखान्यातून आलेल्या काळ्या सुबक कनेक्टरचं मला स्वतःला फार आकर्षण होतं. त्यातले काही अ‍ॅनोडाइज्ड निघाले तेव्हापासून रंग बघण्याआधी मी डेटाशीट बघतो.

५. कनेक्टर उघडा. इथवर काही सापडलं नसेल तर आता सापडेल, कारण बहुतेक वेळा बिघाड इथेच असतो.

एकदाचं दृश्य सांगतो. डी-सबचा हूड उघडला, धातूचा, जड, छान. आत केबलचा क्लँप घट्ट आवळलेला. क्लँप काढला तर खाली केबलचं बाहेरचं काळं प्लॅस्टिक, त्यावर क्लँपच्या दातांचे खोल वण. जाळी तिथे नव्हतीच. ती चार मिलिमीटर पुढे कापलेली होती, कापलेली टोकं कात्रीने सारखी केलेली, आणि तिच्यातून निघालेली ड्रेन वायर (शील्डला लागून जाणारी उघडी तार) हिरव्या स्लीव्हमध्ये घालून व्यवस्थित एका स्क्रूखाली. काम करणाऱ्याच्या हाताला वळण होतं, कुठेही घाई नव्हती. फक्त त्याला कुणी सांगितलं नव्हतं की क्लँप जाळीवर यायला हवा. बाहेरचं आवरण आठ मिलिमीटर जास्त सोललं, जाळी मागे उलटवून आवरणावर पसरली, क्लँप तिच्यावर बसवला. एरर तिथेच थांबली.

उघडल्यावर काय बघायचं ते सांगतो. जाळी पूर्ण ३६० अंशांत कवचाला टेकते की एकाच बाजूला गोळा झाली आहे? शेपटी आहे का, असेल तर किती लांब? जाळीच्या तारा साधारण ०.१ मिलिमीटरच्या असतात. आवरण सोलताना ब्लेड खोल गेलं की निम्म्या तिथेच तुटतात, आणि तुटलेली एखादी तार पिनांमध्ये पडली तर अधूनमधून शॉर्ट होतो, तो वेगळाच ताप.

फॉइलवाल्या केबलमध्ये अजून एक फसगत आहे. फॉइलची एक बाजू अ‍ॅल्युमिनियमची आणि दुसरी पॉलिएस्टरची, म्हणजे प्लॅस्टिक. धातूची बाजू आतल्या अंगाला असेल तर वरून कितीही घट्ट क्लँप लावा, तो प्लॅस्टिकलाच चिकटतो. अशा वेळी फॉइल उलटवून मागे घ्या म्हणजे धातू वर येतो. ड्रेन वायर त्यावर दोन-तीन वेढे घालून सगळं मिळून क्लँपखाली घ्या. नुसत्या फॉइलवर भिस्त ठेवू नका, ती फाटते. जिथे केबल सतत हलते तिथे जाळीवालीच केबल हवी.

जाळीला सोल्डर करू नका, हे माझं ठाम मत. जाळी उष्णता ओढून घेते, म्हणून माणूस सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ धरतो आणि खालचं पॉलिएथिलीन मऊ होऊन आतली वायर जाळीच्या दिशेने सरकते. त्या दिवशी सगळं चालतं. काही महिन्यांनी शॉर्ट होतं. शिवाय सोल्डर पाझरलेली जाळी ताठ होते आणि ताठ भाग जिथे संपतो तिथेच वाकून तुटते.

'दोन-तीन महिने ठीक, मग पुन्हा' या लक्षणाचं उत्तरही याच पायरीवर मिळतं. क्लँप जाळीवर आहे, पण जाळीखाली काय आहे? मऊ पीव्हीसी असेल तर सतत दाबाखाली ते हळूहळू पसरतं, विशेषतः ऊब असेल तेव्हा. स्क्रू जागचा हलत नाही, पण खालचं प्लॅस्टिक मागे हटतं आणि दाब निघून जातो. वर सांगितलेली माझी दुरुस्तीसुद्धा या हिशेबात तात्पुरतीच होती. पुढे त्याच मशीनवर मी जाळीखाली पितळी फेरूल (छोटी नळी) घातलं, म्हणजे जाळी दोन कठीण धातूंमध्ये पकडली गेली. तेव्हापासून तो कनेक्टर परत उघडावा लागला नाही.

६. मिलिओहम मोजा. यासाठी करंट लिमिट असलेला पॉवर सप्लाय आणि साधा मीटर पुरतो. केबल दोन्ही बाजूंनी पूर्ण सोडवा. सप्लाय १ अँपिअरला लिमिट करून करंट एका टोकाच्या कवचातून जाळीत सोडा. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रोब वेगळ्या लावा: एक कवचावर, दुसरी जोडाच्या जरा पुढे उघड्या जाळीवर. १ अँपिअरला जितके मिलिव्होल्ट तितके मिलिओहम. प्रोबचा रेझिस्टन्स यात येतच नाही. विमानं आणि लष्करी उपकरणांत धातूच्या जोडाला २.५ मिलिओहमची मर्यादा वर्षानुवर्षं वापरली जाते, ती डोळ्यासमोर ठेवायला चांगली आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे केबल हलवताना आकडा स्थिर राहतो का. ३ मिलिओहमवर ठाम राहणारा जोड मला १ ते १५ मध्ये नाचणाऱ्यापेक्षा कधीही चालेल. मात्र हे मापही डीसीचंच आहे. शेपटी यात पास होते. म्हणून पाचवी पायरी सोडून सहावीवर उडी मारू नका.

७. शील्ड एका टोकाला जोडायचं की दोन्ही? यावर माणसं हमरीतुमरीवर येतात, आणि बहुतेकदा दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. लांब केबलवरचा संथ अ‍ॅनालॉग किंवा ऑडिओ सिग्नल आणि ५० हर्ट्झचा त्रास असेल तर एक टोक सोडल्याने फायदा होतो, कारण लूप तुटतो. ड्राइव्ह, एन्कोडर, वेगवान डेटा असेल तर दोन्ही टोकं ३६० अंशांत जोडायलाच हवीत. एक टोक मोकळं सोडलं की जाळी अँटेनासारखी वागते. दोन्ही त्रास एकत्र असतील तर एक टोक थेट आणि दुसरं कपॅसिटरमधून जोडतात. उंच वारंवारतेला तो रस्ता उघडा, ५० हर्ट्झला बंद. दोन्ही टोकं जोडल्यावर जाळीतून भलताच करंट वाहत असेल तर जाळी कापणं हा उपाय नाही. दोन पॅनेलांच्या बॉडी जाड कंडक्टरने एकमेकींना जोडा.

पुन्हा पुन्हा तेच होत असेल तर दोष डिझाइनचा

एका मशीनवर एक कनेक्टर बिघडला तर ती चूक. दहा कनेक्टरांपैकी चार एकाच पद्धतीने बिघडले तर काम करणाऱ्याला बोलण्यात अर्थ नाही. त्याला दिलेली वस्तूच नीट जोडायला अवघड आहे. तुम्ही उपकरण बनवत असाल किंवा कनेक्टर निवडत असाल तर हा भाग तुमच्यासाठी.

एका शील्डेड गोल कनेक्टरमध्ये मी नऊ सुटे भाग मोजले होते: मागचा नट, सील, दाबाची रिंग, शंकूची रिंग वगैरे. ठरावीक क्रमाने केबलवर आधी ओवायचे, मग आवरण सोलायचं, जाळी शंकूवर पसरायची, पिना लावायच्या, मग सगळं मागून पुढे ढकलायचं. पिना लावून झाल्यावर नट ओवायचा राहिला हे लक्षात येतं. तेव्हा माणसापुढे दोन वाटा असतात. सगळं कापून पुन्हा करायचं, किंवा नटाशिवाय जमेल तसं बसवायचं. पाळी संपायला दहा मिनिटं असतील तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. ग्राउंडिंगची खात्री आणि जोडणीची सोय या दोन गोष्टी मी वेगळ्या मानत नाही, त्या या नटामुळे.

म्हणून आधी ओवायचे भाग कमीत कमी असावेत, शक्यतो एकच, आणि बाकीचे कवचात आधीपासून अडकवलेले. दोन अर्ध्या भागांचा उघडणारा बॅकशेल (कनेक्टरचं मागचं कवच) असेल तर ओवण्याचा प्रश्नच मिटतो. मात्र दोन भागांच्या सांध्यावर धातू धातूवर चढलेला हवा, नाहीतर त्या फटीतूनच नॉइज आत येतो.

जाळीखाली आतलं फेरूल हवंच. त्याची कड थोडी पसरट ठेवली की जाळी आपोआप त्यावर चढते आणि आतल्या वायरींवर दाब येत नाही. वरून षट्कोनी क्रिंप किंवा पट्टीचा क्लँप. क्रिंपला योग्य डाय लागतो, पण एकदा डाय ठरला की प्रत्येक जोड सारखा होतो. स्क्रूचं तसं नसतं, तो हाताच्या जोरावर जातो. आणि केबलचा व्यास थोडा कमी-जास्त येणार हे धरून चालायचं असेल तर स्प्रिंगचा संपर्क सगळ्यात सुखाचा. कवचाच्या आत गोलाकार बोटं, किंवा तिरक्या वेढ्यांची कंकणासारखी स्प्रिंग: केबल आत सरकवली की प्रत्येक वेढा स्वतंत्रपणे टेकतो. प्लॅस्टिक पसरलं, तापमान बदललं, कंपन आलं तरी स्प्रिंग मागोमाग येते. फॉस्फर ब्रॉन्झ किंवा बेरिलियम कॉपर यासाठी वापरतात. टिनचं प्लेटिंग असेल तर संपर्क हलता राहू देऊ नका. काही मायक्रॉनच्या सततच्या घासण्याने टिनचं ऑक्साइड साचतं आणि रेझिस्टन्स चढत जातो.

ओढ आणि ग्राउंडिंग ही दोन कामं एकाच स्क्रूवर टाकू नका. केबलची ओढ बाहेरच्या आवरणाने सोसावी, जाळीने फक्त करंट न्यावा. जाळीवर ओढ आली की तारा एकेक करून तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

कनेक्टर जोडताना कवच आधी टेकावं, पिना नंतर, काढताना उलट. असं असलं की शरीरावरची स्थिर वीज पिनांऐवजी कवचातून निघून जाते. उपकरणाच्या बाजूचं सॉकेट पॅनेलच्या धातूवर गोलाकार बसावं, नुसतं बोर्डवर सोल्डर करून भोकातून डोकावू नये.

सोलण्याची लांबी चित्रात टॉलरन्ससह द्या, आणि त्याहून चांगलं म्हणजे कवचातच खाच ठेवा: केबल खाचेला लावली, तिथे कापली, मोजपट्टी लागली नाही. जोडणी झाल्यावर जाळी दिसेल अशी खिडकी किंवा उघडी कड असावी. आणि जाळी जागेवर नसेल तर कवच बंदच होऊ नये, हे साधलं तर अर्धी लढाई जिंकली. नमुना तयार झाला की तो डिझाइन करणाऱ्याने जोडून बघू नये. ज्याने तो कधी पाहिला नाही त्याच्या हातात, हातमोजे घालून, दहा नग द्या. दहाही मोजा, मग ओढा, वाकवा, गरम-थंड करा आणि परत मोजा. पहिल्या मापापेक्षा दुसऱ्या मापाने मला जास्त कळतं.

कुठे थांबायचं

जाळी हाताला कोमट लागली, किंवा क्लँप मीटरवर शील्डमधून ५० हर्ट्झचा अँपिअरच्या घरातला करंट दिसला, तर हात काढा. तो नॉइज नाही. न्यूट्रल किंवा अर्थिंगमधला बिघाड जाळीतून वाट काढतो आहे, आणि अशी जाळी सोडवली तर सुटलेल्या टोकावर जीवघेणं व्होल्टेज असू शकतं. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा, तोवर मशीन बंद ठेवा.

इलेक्ट्रिक गाड्यांच्या नारिंगी हाय व्होल्टेज केबल आणि त्यांचे कनेक्टर प्रशिक्षणाशिवाय उघडायचे नाहीत, कितीही सोपं वाटलं तरी. स्फोटक वायूच्या जागा, वैद्यकीय उपकरणं, विमानं यांतही नाही. तिथे शील्ड कुठे जोडायचं हे प्रमाणपत्रात ठरलेलं असतं आणि चांगल्या हेतूने केलेला बदलही ते मोडतो. मोल्ड केलेला कनेक्टर कापून बघू नका, पूर्ण केबल बदला. एकच कनेक्टर दोनदा उघडून झाला आणि एरर तशीच असेल तर तिसऱ्यांदा उघडण्याआधी ईएमसीचं (विद्युतचुंबकीय नॉइज आटोक्यात ठेवण्याचं) काम करणाऱ्याला बोलवा. त्याच्याकडे उंच वारंवारतेचा करंट प्रोब असतो, तो केबलभोवती लावून तासाभरात सांगतो की करंट कुठून शिरतो आहे. उत्पादनच तुमचं असेल आणि बॅकशेल बदलला असेल, तर ईएमसी चाचणी नव्याने करून घ्या, जुना अहवाल नव्या कनेक्टरला लागू होत नाही.

बोलावताना एवढं तयार ठेवा: एररच्या वेळा आणि त्या वेळी कोणता ड्राइव्ह चालू होता याची नोंद, प्रत्येक तपासणीचे आकडे, केबलच्या वाटेचं हाताने काढलेलं चित्र. आणि काढलेला जुना कनेक्टर, केबलच्या पंधरा-वीस सेंटिमीटर तुकड्यासकट, आणखी न उघडता, पिशवीत घालून वर चिठ्ठी लावलेला.